गिटार स्वतः डिझाइन करताय? मग ब्रिज जागेच्या हिशेबाने निवडा: पाच प्रकारांचं परीक्षण

ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा पेलणाऱ्या भागाची, जाहिरात वाचली तर धातू कोणता, प्लेटिंग कसलं, सस्टेन (सूर रेंगाळणं) किती वाढतो हे सगळं कळतं. आराखडा काढणाऱ्याला लागणारे दोन आकडे मात्र बहुतेक वेळा सापडत नाहीत. पहिला, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो सरकता भाग, पुढेमागे एकूण किती सरकतं. दुसरा, सॅडल पूर्ण पुढे असताना त्याचा माथा बसवायच्या भोकांपासून किती अंतरावर येतो. (इथे ‘पुढे’ म्हणजे नटच्या दिशेने; नट म्हणजे नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी.) या परीक्षणात प्रत्येक ब्रिज याच दोन आकड्यांवर जोखला आहे. आवाजाबद्दल मतं भरपूर आहेत, पण चुकीच्या जागी बसलेला ब्रिज कुठल्याही धातूचा असला तरी बेसूरच वाजतो.

आधी हिशेब. नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करायचं, ती स्केल लेंग्थ. फेंडर पद्धतीत ती २५.५ इंच म्हणजे ६४७.७ मिमी, पीआरएसच्या बहुतेक गिटारींवर २५ इंच म्हणजे ६३५ मिमी. गिब्सनची सांगायची लांबी २४.७५ इंच, पण प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या काळात त्याहून थोडी कमी भरत आली आहे. म्हणून तयार नेक विकत घेतला असेल तर छापील आकडा बाजूला ठेवा आणि हातातला नेक मोजा. झिरो फ्रेट (नटलगतचा जादा फ्रेट) असेल तर मोजणी त्या फ्रेटच्या माथ्यापासून होते, नटपासून नाही.

तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. तो उतरवायला सॅडल स्केल रेषेच्या, म्हणजे नटपासून बरोबर स्केल लेंग्थवर येणाऱ्या रेषेच्या, मागे न्यावं लागतं. १० ते ४६चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीचा संच आणि फ्रेटवर तारांची बेताची उंची असेल तर साधारण हिशेब असा येतो: पहिली तार दीड मिमी, दुसरी दोन ते अडीच, साधी (गुंडाळी नसलेली) तिसरी तीन ते साडेतीन. मग चौथीला सॅडल परत पुढे येतं, दोन-अडीचवर. पाचवी तीन-साडेतीन, सहावी साडेचार ते पाच. तिसरीकडून चौथीकडे येताना ही पायरी उलटते, कारण दाबल्यावर सूर किती चढतो ते ठरतं तारेच्या गाभ्यावरून. गुंडाळी असलेल्या चौथीचा गाभा साध्या तिसरीपेक्षा बारीक असतो. गुंडाळीची तिसरी लावली तर तिलाही कमी लागतं. जाड संच, उतरवलेलं ट्युनिंग आणि उंच तारा यांना सगळीकडे जास्त लागतं.

म्हणजे सॅडलना आपापसातच साडेतीन मिमीचा फरक लागतो. पुढच्या बाजूला अर्धा-एक मिमी शिल्लक हवी आणि मागे जाड संचासाठी, ड्रॉप ट्युनिंगसाठी दोन-तीन मिमी हवेत. एकूण सात मिमी. याहून कमी सरकणारा ब्रिज भोकं पाडणाऱ्याला चूक करायची मुभा देत नाही.

जागा चुकली तर किती बिघडतं? ६४७.७ मिमीच्या स्केलवर सॅडल १ मिमी चुकीच्या जागी असेल तर मोकळी तार जुळवून घेतल्यावरही बाराव्या फ्रेटवर सुमारे २.७ सेंटचा (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) फरक राहतो. पाचव्या फ्रेटवर तोच फरक जेमतेम ०.९ सेंट असतो आणि चोविसाव्यावर ८ सेंट. म्हणून पाच मिमी चुकलेली गिटार खालच्या कॉर्डला चालून जाते आणि सोलो वर गेला की कानाला टोचते. उलट, पहिल्या तीन फ्रेटवरच सूर चढत असेल आणि वर सगळं ठीक असेल, तर दोष नटच्या खाचांच्या उंचीचा आहे. ब्रिज सरकवून तो जात नाही.

सपाट हार्डटेल

हार्डटेल म्हणजे न झुलणारा, पक्का बसवलेला ब्रिज. पहिल्यांदाच गिटार करणाऱ्याने डोळे झाकून हाच घ्यावा. जाड प्लेट, सहा स्वतंत्र सॅडल, प्रत्येकाला मागून लांबीचा स्क्रू आणि वरून उंचीचे दोन. गोटोह आणि हिपशॉट यांचे या प्रकारातले ब्रिज घडणीला नेटके आहेत. स्वस्त नकलांमध्ये सॅडल आजूबाजूला हलतं, उंचीचे स्क्रू ढिले असतात आणि ते वाजवताना खुळखुळतात. हिपशॉटचा हार्डटेल दोन जाडींच्या तळात मिळतो, ०.१२५ आणि ०.१७५ इंच, म्हणजे सुमारे ३.२ आणि ४.४ मिमी. नेकच्या उंचीप्रमाणे निवडता येतो, ही सोय कागदावर दिसते त्यापेक्षा मोठी आहे.

बसवण्याची रीत: ब्रिज हातात घेऊन पहिल्या तारेचं सॅडल स्क्रू आटे सोडणार नाही इतकं पूर्ण पुढे आणा. त्याचा माथा, म्हणजे तार जिथून सुटते ती कड, स्केल रेषेवर किंवा तिच्या अर्धा मिमी पुढे ठेवा. बाकी सगळी सरक मागच्या बाजूला मिळते आणि गरजही तिथेच असते. कोणत्याही तारेला स्केलपेक्षा आखूड लांबी लागत नाही, त्यामुळे रेषेच्या पुढे सोडलेली जागा वाया जाते. सॅडल मधोमध ठेवून तो मध्य स्केल रेषेवर आणणं ही या ब्रिजवरची सर्रास होणारी चूक. मग सहाव्या तारेचं सॅडल पाठीमागच्या भिंतीला टेकतं, स्प्रिंग पूर्ण दबते आणि तरी सूर चढलेलाच. स्प्रिंग कापली की आणखी दीड-दोन मिमी मिळतात, पण नव्या गिटारीत स्प्रिंग कापावी लागली तर आराखडा चुकला असं समजावं.

तारा बॉडीतून आरपार न्यायच्या असतील तर सहा भोकं सरळ उभी जायला हवीत. हातातल्या ड्रिलने हे जमत नाही. वरून अचूक असलेली भोकं पाठीमागे नागमोडी निघतात आणि फेरूल (त्या भोकांत बसणाऱ्या धातूच्या वाट्या) कायम तसे दिसतात. ड्रिल प्रेस नसेल तर ब्रिजच्याच मागच्या कडेतून तार भरता येते असा ब्रिज घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

ट्यून-ओ-मॅटिक

गिब्सनने १९५४मध्ये एबीआर-१ बाजारात आणला, १९७०च्या दशकात त्याचा रुंद भाऊ नॅशव्हिल आला. दोघांमधला फरक खरेदीआधी समजून घ्यायलाच हवा. एबीआर-१चे बारीक पोस्ट (ब्रिज ज्यांवर उभा राहतो ते दोन खांब) थेट लाकडात आट्यांनी बसतात, नॅशव्हिलला लाकडात धातूची बुशिंग (पोस्ट बसायची आट्यांची नळी) ठोकावी लागते. एबीआर-१ अरुंद असल्याने सॅडलची सरक तुटपुंजी. नॅशव्हिल रुंद असल्याने सरक बरीच जास्त. दिसायला एबीआर-१ देखणा आहे हे खरं, पण स्वतःच्या आराखड्यावर पहिल्यांदा बसवायचा तर नॅशव्हिलच घ्यावा. त्यातही ठोकायच्या बुशिंगचा व्यास इंची आणि मेट्रिक प्रकारांत वेगळा असतो. ब्रिज हातात आल्याशिवाय गिरमिट निवडू नका. भोक पाव मिमी मोठं झालं तर बुशिंग पुढे झुकते, लहान झालं तर ठोकताना वरचा थर चिरतो.

हा ब्रिज तिरपा बसतो, आणि तो तिरपेपणा अंदाजाने ठेवता येत नाही. दोन पोस्टच्या केंद्रांतलं अंतर सुमारे ७४ मिमी. पहिल्या तारेकडचा पोस्ट स्केल रेषेच्या २ मिमी मागे, सहाव्याकडचा ५ मिमी मागे, हे आकडे बहुतेक गिटारींवर चालतात. म्हणजे पोस्टमध्ये ३ मिमीचा फरक. पण तारा पोस्टच्या आत असतात. दोन्ही टोकांच्या तारांमध्ये ५२ मिमी धरले तर त्यांच्यापाशी या तिरपेपणातले जेमतेम २ मिमी हाती लागतात. उरलेलं सॅडलने भरून काढायचं. त्यासाठी सगळी सॅडलं साधारण मधोमध असताना ब्रिजची मधली रेषा वरच्या हिशेबाला धरून हवी. इथे नियम हार्डटेलच्या उलटा आहे. एकाची सवय दुसऱ्याला लावली की भोक चुकतं. स्क्वेअर लावून अगदी काटकोनात बसवलेला एबीआर-१ सहाव्या तारेला पुरतच नाही. एखादं सॅडल थोडक्यात कमी पडत असेल तर ते उलटं फिरवून बसवलं की माथ्याची कड बदलते आणि थोडी जागा मिळते.

यापेक्षा मोठी अडचण उंचीची. उदाहरण घेऊ. फेंडर पद्धतीच्या नेकची हील (बॉडीत बसणारा जाड भाग) २५.४ मिमी आणि पॉकेट (हीलसाठी बॉडीत कोरलेली खोबण) १५.९ मिमी खोल, तर फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर ९.५ मिमी येतो. फ्रेटची उंची एक मिमीच्या आसपास. फ्रेटची रेषा ब्रिजपर्यंत लांबवली तर तार तिच्या वर तीनेक मिमी असते. बेरीज साडेतेरा. सपाट हार्डटेलला ही उंची बिनबोभाट जमते. ट्यून-ओ-मॅटिकवर तार सतराच्या आसपास बसते. साडेतीन मिमीचा फरक सोळाव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंतच्या सुमारे २५७ मिमीमध्ये भरायचा, म्हणजे नेकला पाऊण अंशाचा कोन हवा. तो पॉकेट तिरपं राउट करून (कोरून) किंवा निमुळती पूर्ण लांबीची शिम (पातळ पाचर) घालून मिळतो. नाहीतर ब्रिज तेवढाच बॉडीत खाली बसवावा. सपाट नेकवर हा ब्रिज लावून पोस्ट पूर्ण खाली घातले आणि तरी तारा उंच राहिल्या, ही तक्रार जिथेतिथे वाचायला मिळते. तिचं मूळ एवढंच आहे. फुगीर माथ्याच्या बॉडीला कोन याहून बराच जास्त लागतो आणि तो पूर्ण मापाच्या बाजूच्या चित्रावर काढूनच ठरवावा.

पोस्ट फार वर काढून ठेवले तर ते तारांच्या ओढीने पुढे झुकतात, एबीआर-१चे विशेष. झुकलेला ब्रिज म्हणजे सरकलेला ब्रिज. टोनप्रोजचे प्रकार बाजूच्या बारीक स्क्रूने पोस्टवर घट्ट आवळता येतात, त्याने झुकणं थांबत नाही पण डुगडुगणं थांबतं. टेलपीस (तारांची टोकं अडकवायची वेगळी पट्टी) साधारण ४० मिमी मागे ठेवा. फार जवळ असेल तर तारा ब्रिजच्या मागच्या कडेला घासतात. आणि बुशिंग ठोकण्याआधी कंट्रोलच्या पोकळीतून पोस्टच्या भोकापर्यंत अर्थिंगच्या तारेचं भोक पाडून घ्या. नंतर आठवलं तर बुशिंग उपटण्याशिवाय गत्यंतर नाही.

टेलिकास्टर पद्धतीचा, तीन सॅडलचा

एका सॅडलवर दोन तारा, त्यामुळे तडजोड ठरलेली. सरळ पितळी दांडे लावले तर दर जोडीतली एक तार थोडी चुकणार. सर्वांत वाईट मधली जोडी, कारण साध्या तिसरीला मागे जायचंय आणि चौथीला पुढे यायचंय. तिरपे घडवलेले पितळी सॅडल घेतले तर हा प्रश्न बहुतांशी मिटतो आणि आवाजात फारसं काही जात नाही. जागेच्या बाबतीत ब्रिज दिलदार आहे, सरक भरपूर. एकच सावधगिरी: ब्रिज पिकअप याच प्लेटमध्ये असतो, म्हणून ब्रिज सरकवला की पिकअपचं राउटिंगही सरकतं. आधी ब्रिजची जागा पक्की करा, मग पिकअपचं टेम्प्लेट लावा.

स्ट्रॅट पद्धतीचा ट्रेमोलो

ट्रेमोलो म्हणजे आर्मने झुलवून सूर हलवायचा ब्रिज. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या १९५४च्या सहा स्क्रूंच्या रचनेत आणि आजच्या दोन पोस्टच्या रचनेत सॅडल सरकण्याची सोय हार्डटेलसारखीच, म्हणून जागेचा नियमही तोच. फक्त स्क्रूंची ओळ सॅडलच्या पुढे असते आणि हे अंतर प्रत्येक उत्पादकाचं वेगळं. कुणाच्या तरी चित्रातला नट ते स्क्रू हा आकडा उचलू नका. कॅलिपरने स्वतःचा ब्रिज मोजा: सॅडल पूर्ण पुढे, माथ्यापासून स्क्रूच्या केंद्रापर्यंत. तो आकडा स्केल लेंग्थमधून वजा केला की स्क्रूंची रेषा मिळते. प्लेट मागून तीनेक मिमी उचलून तरंगती ठेवायची असेल, तर मापही प्लेट तेवढी उचलून धरूनच घ्या.

सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये सहाही स्क्रू एका रेषेत नसतील तर प्लेट अडकते आणि आर्म सोडल्यावर सूर मूळ जागी येत नाही. दोष स्प्रिंगांना दिला जातो. दोन पोस्टचा घ्या, चुकायला जागाच कमी. खालच्या ब्लॉकला मागेपुढे झुलायला पोकळी हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ब्रिज दोन मिमी मागे सरकवून पोकळी मूळ टेम्प्लेटवरच ठेवली तर ब्लॉक मागच्या भिंतीला आपटतो. पोकळी नेहमी ब्रिजच्या रेषेवरून मोजावी.

फ्लॉइड रोझ आणि लॉकिंग ट्रेमोलो

इथे जागेची चूक सर्वांत महाग पडते. सॅडल सरकवायला मागून स्क्रू नाही. तार ढिली करायची, सॅडलचा पकडस्क्रू सैल करायचा, हाताने सरकवायचं, आवळायचं, परत जुळवायचं, परत तपासायचं. बेसप्लेटवर पकडस्क्रूसाठी आळीपाळीची भोकं असल्याने टप्पे मिळतात, पण प्रत्येक फेरीत सगळ्या तारा हलतात कारण ब्रिज तरंगता आहे. उत्पादकाच्या चित्रात स्केलप्रमाणे नट ते पोस्ट अंतर दिलेलं असतं, ते जसंच्या तसं वापरा. मूळ फ्लॉइड आणि परवान्यावर बनणारे प्रकार यांची मापं एकच असतील असं गृहीत धरू नका.

पोस्टची बुशिंग राउटिंगच्या कडेजवळ येते. मऊ लाकडात मधली भिंत पातळ राहिली तर तारांच्या ताणाने ती चिरते आणि पोस्ट पुढे झुकतो. पोस्टची उंची तारा ताणलेल्या असताना फिरवू नका, पोस्टवर टेकणारी ब्रिजची चाकूसारखी धार बोथट होते आणि मग ब्रिज मूळ जागी परतत नाही. सॅडलचा घुमट १२ इंचांच्या त्रिज्येचा असतो, म्हणजे सपाट किंवा जास्त गोल फ्रेटबोर्डावर सॅडलखाली शिम घालणं आलं. उत्तम यंत्र आहे, पण पहिल्या गिटारीसाठी नाही. दुसरीसाठीही नाही, खरं तर.

एकेका तारेचा स्वतंत्र ब्रिज मात्र नव्या आराखड्यांसाठी मनापासून सुचवावासा वाटतो. तिरप्या फ्रेटच्या गिटारीला दुसरा सोपा इलाज नाही, आणि साध्या गिटारीतही तारांमधलं अंतर हवं तसं ठेवता येतं. किंमत म्हणून सहा वेळा अचूक आखणी करावी लागते. तारांमधलं अंतर बदलण्याची सोय शाल्लरच्या ३डी-६मध्येही आहे, रोलर सॅडल आडव्या दिशेने सरकतात. ब्रिजची आडवी जागा किंचित चुकली तर तो सावरून घेतो.

आडव्या जागेचा हिशेब

लांबी साधली आणि आडवं चुकलं तर पहिली तार फ्रेटबोर्डावरून घसरून खाली पडते. ब्रिजवर टोकाच्या तारांमधलं अंतर जुन्या फेंडर मापात ५६.४ मिमी, आधुनिक अरुंद मापात ५२.४ मिमी. नटवर हे अंतर ३५ मिमी आणि बाविसाव्या फ्रेटपाशी बोर्ड ५६ मिमी रुंद धरला, तर अरुंद ब्रिजवर दोन्ही कडांना सव्वाचार मिमीच्या आसपास जागा राहते, रुंद ब्रिजवर पावणेतीन. ब्रिज १ मिमी बाजूला गेला की बाविसाव्या फ्रेटवर तार ०.७ मिमी सरकते. म्हणजे रुंद ब्रिजवर एका कडेला दोनच मिमी उरतात आणि व्हायब्रेटो देताना तार निसटते. अरुंद ब्रिजवर हीच चूक लक्षातही येत नाही.

मध्यरेषा बॉडीच्या आकारावरून काढू नका, पॉकेटवरूनही नाही. नेक स्क्रूंनी घट्ट बसवा, नटचा मध्य आणि शेवटच्या फ्रेटचा मध्य यांवर लांब सरळ पट्टी धरा आणि ती रेषा बॉडीवरच्या मास्किंग टेपवर उतरवा. मग टोकाच्या दोन ट्युनिंग खुंट्यांपासून नटच्या खाचांतून ब्रिजच्या टोकाच्या सॅडलपर्यंत बारीक मासेमारीची दोरी ताणा. ब्रिज क्लॅम्पने हलका धरलेला असावा. दोन्ही दोऱ्या फ्रेटबोर्डाच्या कडांपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत ब्रिज सरकवा. रेषा आणि दोरी यांत मतभेद झाला तर दोरीचं ऐका, कारण शेवटी तिच्या जागी तारच बसणार आहे.

भोकांच्या जागी टोच्याने खूण करा, नाहीतर गिरमिट लाकडाच्या रेषांबरोबर वाहत जातं. मधे टोक असलेलं लाकडाचं गिरमिट वापरा. पायलट भोक स्क्रूच्या आट्यांच्या आतल्या जाडीएवढं, आट्यांना थोडं मेण. आधी टोकाचे दोनच स्क्रू घाला, टोकाच्या दोन तारा पूर्ण सुरात चढवा, बारावा फ्रेट ट्युनरवर तपासा आणि सगळं जमलं तरच उरलेली भोकं पाडा. भोक चुकलंच, तर त्याला चिकटून दुसरं पाडू नका, गिरमिट जुन्या भोकात घसरतं. कठीण लाकडाची खुंटी गोंद लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, सपाट करा आणि नव्याने खूण करा.

विकत घेताना दुकानदाराला पहिल्या तारेचं सॅडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून दाखवायला सांगा. ऑनलाइन मागवत असाल तर मापांचं चित्र मागा. चित्र मिळत नसेल तर बॉडीचा आराखडा ब्रिज हातात येईपर्यंत थांबवा.